वीस मिनिटं हात लावायचा नाही

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं वाचताना तुम्हाला वाटेल, ही बाई एवढी तडतड करते कशाला. कोल्हापुरात जन्मले, इथल्याच दवाखान्यांत निम्मं आयुष्य नर्स म्हणून काढलं, आणि आता एका मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात विषबाधेच्या अभ्यासाचं काम करते. साप, विंचू, तणनाशक, उंदराचं औषध, जास्त झालेल्या गोळ्या, असं काहीही घेऊन माणूस आला की त्याची नोंद माझ्याकडं. काय चावलं, किती वाजता, कुठं, वर काय बांधलं, काय लावलं, कुणी काय पाजलं. सगळं लिहायचं आणि मग माणूस बरा होऊन जाईपर्यंत त्याच्या मागं राहायचं. ह्या अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर, म्हणजे आमच्या मॅडम, म्हणतात, "उपचार मी करते, माहिती तू काढ."

माहिती काढायची म्हणजे काय खायचं काम न्हवे. आमच्या फॉर्मवर पहिलाच रकाना आहे, सर्पदंश. आणि आमच्या जिल्ह्यात कोण तोंडातनं साप हा शब्द काढंल तर शपथ. नाव घेतलं की ते येतं म्हणे. म्हणून सगळ्यांना 'पान लागतं'.

"काय झालं?"

"पान लागलंय."

"कसलं पान?"

"आता कसलं म्हणून सांगू बाई. लांबडं."

"काळं होतं, चट्ट्याचं होतं, फणा होता?"

"आवाज कमी करा की ओ!"

अहो, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर ते कुठून ऐकणार आहे? पण नाही. एका पावण्यांनी तर मी फार प्रश्न विचारते म्हणून वैतागून दुधाची किटलीच माझ्यापुढं ठेवली. "तुमीच बघा की काय हाय ते," म्हणाले. मी झाकण उचललं. जिवंत होतं. मी टेबलावर चढले होते, हे मॅडम अजून नव्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

तर ह्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे काचेची नळी. घोणशीसारख्या सापाचं विष रक्त बिघडवतं, रक्त गोठायचंच थांबतं. ते ओळखायला एक साधी परीक्षा असते. स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्यायची, पेशंटचं थोडं रक्त त्यात घालायचं आणि नळी उभी ठेवून द्यायची. वीस मिनिटं. हलवायची नाही, हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी एकदाच आडवी करायची. रक्त जागच्या जागी बसलेलं असलं तर सुटलो. पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलंय असं समजायचं आणि सापाच्या विषावरचं औषध सलाईनमधनं चालू करायचं. ते औषध जीव वाचवतं, पण ते काय साधं औषध नाही. एखाद्याला ते सोसत नाही आणि त्याच औषधानं माणूस जायची पाळी येते. म्हणून नळी बोलल्याशिवाय आम्ही ते देत नाही.

त्या वीस मिनिटांची राखण करायच्या आमच्या मावशी. विभागाच्या सफाईला होत्या, निवृत्तीला थोडे महिने उरले होते. हातभर हिरव्या बांगड्या, दंडावर गोंदण, आणि आवाज असा की खालच्या रिक्षा स्टँडवर ऐकू जावा. नळी लावली की त्या शेजारी स्टूल टाकून बसायच्या. नातेवाईक घाबरलेले असतात, सारखे वाकून बघतात, एखादा बोट लावायला जातो. मावशी खेकसायच्या, "ओ पावणं, लांब! दही लावलंय समजा. सारखं झाकण काढून बघितल्यावर दही लागतंय व्हय?" माणूस मुकाट्यानं मागं सरकायचा. मॅडमनी शंभर वेळा समजावून जे जमलं नसतं ते मावशींच्या एका दह्यात व्हायचं.

माझं आणि त्यांचं दिवसातनं चार वेळा वाजायचं, आणि दुपारी आम्ही एकाच डब्यात जेवायचो. माझी पोळी बघून त्या नाक मुरडायच्या. "ह्यो काय कागूद खातासा सिस्टर? ह्यानं पोट भरतंय?" असं म्हणून आपली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढं ढकलायच्या आणि माझी पोळी मात्र सगळी संपवायच्या. मला त्या बाईचा लळा होता. तोंडावर कधी म्हणाले नाही, नाहीतर त्या चढून बसल्या असत्या.

आता झालं काय, की कोऱ्या नळ्यांचा खोका संपला आणि नवा येईना. मागणी गेलेली, कागद कुठल्या तरी टेबलावर अडकलेला. तोवर वापरलेल्या नळ्या धुऊन चालवायचं ठरलं. मावशी त्या नुसत्या पाण्यानं चार-पाच वेळा विसळायच्या आणि गच्चीवर उन्हात पालथ्या घालायच्या. एक दिवस मी नळी उजेडात धरली तर तळाशी तपकिरी कडं दिसलं. माझं डोकं फिरलं. फिरायला वेळ लागतो कुठं?

"मावशी, हे काय धुणं म्हणायचं? घरी तांब्या असाच ठेवता काय पाव्हण्यापुढं?"

वॉर्डात चार माणसं होती. मावशींचा चेहरा पडला. कोल्हापूरच्या बाईला तिच्या तांब्यावरनं बोलायचं म्हणजे काय, हे मला कळायला पाहिजे होतं. त्या दुपारी त्यांनी डबाही वेगळा खाल्ला. दुसऱ्या दिवशी नळ्या आल्या त्या अशा चकचकीत की बघत राहावं. एका रांगेत उभ्या, उन्हं पडली की डोळे दिपत होते. मी म्हणाले, "वा मावशी, ह्याला म्हणायचं धुणं." त्या म्हणाल्या, "मग? नाद करायचा न्हाय." झालं, आमचं परत जुळलं. कशानं धुतल्या हे मी विचारलं नाही.

त्यानंतरचे साधारण तीन आठवडे आमच्या रजिस्टरमध्ये एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. येईल त्याची नळी वाहायला लागली. पायाला नुसता ओरखडा असलेल्या माणसाचीही वाहिली. मॅडम विचारात पडल्या. म्हणाल्या, "ह्या वर्षी घोणशीचं प्रमाण वाढलंय की काय? नीट नोंद ठेव, हे लिहिण्यासारखं आहे." मी नीट नोंद ठेवली. खरं सांगते, मला आतनं बरंही वाटलं. आपल्या कागदांतनं काहीतरी नवं निघतंय, असं वाटत होतं. रात्री घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

आणि मग ती आली. चंदगडकडची, तिशीतली बाई. काजू पडायला लागले होते, भल्या सकाळी बागेत वेचायला गेलेली, पाचोळ्यात पाय पडला आणि घोट्याला चावलं. काय ते दिसलं नाही. सासू बरोबर. तिकडं कानडी मुलखाच्या शेजारामुळं सासूला आत्ती म्हणतात. ही आत्ती म्हणजे काटक, काळीसावळी, ओठ घट्ट मिटलेली म्हातारी. शेजाऱ्याची जीप काढायला लावली आणि वाटेत दोन चांगले दवाखाने सोडून सुनेला थेट कोल्हापूरला आणलं.

"अहो आत्ती, वाटेत थांबायचं की! एवढा वेळ घालवतात काय?" मी ओरडले.

"मोट्या डाक्टरलाच दावायचं हुतं," एवढंच म्हणाली.

सुनेच्या पोटरीवर परकराची नाडी आवळून बांधलेली. पाऊल टम्म सुजलं होतं, निळसर झालं होतं. मॅडमच्या सांगण्यावरनं ती नाडी हळूहळू सैल केली. आल्या आल्या रक्त घेतलं. थोडं काचेच्या नळीत, थोडं तपासणीला. आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी नेमकं रक्त गोठण्याच्या तपासणीचं सामान संपलेलं, म्हणून तो नमुना बाहेरच्या लॅबला गेला. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार. मावशी स्टूलवर बसल्या. वीस मिनिटांनी मॅडमनी नळी आडवी केली. रक्त सरळ कडेपर्यंत वाहत आलं.

सापाच्या विषावरचं औषध चालू झालं. दहा मिनिटं गेली असतील नसतील, ती म्हणाली, "बाई, अंग खाजतंय." मान लाल झाली, मग तोंड. मग उलटी. मग तिचा श्वास अडकला. घशातनं शिट्टीसारखा आवाज यायला लागला, नाडी हाताला लागेना. औषध बंद केलं, मॅडमनी मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, परत एकदा इंजेक्शन दिलं. मी तिचा हात धरून होते आणि तो हात गार पडत चालला होता. मी पुष्कळ बघितलंय, पण त्या मिनिटांत मला वाटलं, गेली ही. पडद्याच्या पलीकडं आत्ती उभी. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, नुसतं "पोरी, पोरी" म्हणत होती.

ती परत आली. डोळे उघडले, श्वास सुटला, नाडी भरली. मग अगदी थेंबाथेंबानं उरलेलं औषध संपवलं. नियमच तसा आहे. रक्त गोठत नाही म्हटल्यावर औषध अर्धवट सोडता येत नाही. आणि पुढचा नियम असा, की सहा तासांनी परत नळी लावायची. तेव्हाही वाहिली तर परत तेवढंच औषध.

म्हणजे सगळं त्या नळीवर येऊन ठेपलं. गोठलं तर बाई घरी जाणार. नाही गोठलं तर जे औषध तिला मारायला निघालं होतं तेच परत द्यायचं. मावशी नळीजवळ बसल्या, पण त्या दिवशी कुणावर खेकसल्या नाहीत. तोंडानं देवाचं चाललं होतं. पाच वाजून गेले. मॅडमनी नळी आडवी केली.

वाहिली.

आत्तीला डॉक्टरी काही कळत नव्हतं, पण तोंडं वाचता येत होती. तिनं सुनेच्या उशीची कड घट्ट धरली. मॅडम पलंगाशी गेल्या. हिरड्या बघितल्या, रक्त नाही. लघवी बघितली, स्वच्छ. सुई टोचलेल्या जागा कोरड्या. परकराची नाडी सोडल्यापासून पावलाची सूजही उतरलेली. त्या माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "नळी म्हणते रक्त गोठत नाही, आणि बाईचं अंग म्हणतंय गोठतंय. मी कुणाचं ऐकू?"

"रिपोर्ट?"

"अजून तासभर तरी." त्यांनी हातातली नळी उजेडात धरली. "आपण चांगल्या माणसाचं रक्त कधी लावून बघितलंय का गं, ह्या धुतलेल्या नळ्यांत? प्रत्येक वेळी शेजारी एक लावायला पाहिजे होतं. आपण आळस केला."

मी बाही वर करायच्या आत मावशी पुढं झाल्या. "माझं घ्या की. मी काय आजारी न्हाय, मला गोळी न्हाय, बीपी न्हाय." त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि दंड पुढं केला. मी रक्त घेतलं, त्यांच्याच धुतलेल्या नळीत घातलं. आणि मावशी आपल्याच रक्ताची राखण करत स्टूलवर बसल्या. मॅडमनी दुसरा डोस हातातच ठेवला होता, फोडला नव्हता.

ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. मावशी गंमत करत होत्या. "माझं गोठतंय बघा दगडावाणी. बारा वर्सं कुस्तीगिराच्या घरात दूध प्यालंय मी." वडील आखाड्यातले, हे त्या कुणालाही सांगायच्या. वेळ झाली. मी नळी आडवी केली.

वाहिली. पाण्यासारखी.

मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही दोघी नळीकडं बघत होतो, त्या आमच्याकडं. नळी वाहिली म्हणजे विष, एवढंच त्यांना माहीत. इतकी वर्षं त्यांनी तेच बघितलेलं.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "मला बी लागलं व्हय वो पान? कवा? मला कळलं कसं न्हाय?"

एवढा मोठा आवाज त्या बाईचा, आणि त्या क्षणी ऐकायला मला वाकावं लागलं. त्यांनी साडी वर करून दोन्ही घोटे तपासायला सुरुवात केली होती. "घरी नातीला सांगा," म्हणाल्या. मी त्यांना मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा. "मावशी, तुम्हाला काही झालं न्हाई. तुम्ही ठणठणीत आहात. नळीच खोटी आहे."

मग मी धुऊन ठेवलेली दुसरी एक नळी उचलून नाकाशी नेली. लिंबाचा वास आला.

"मावशी, कशानं धुता नळ्या?"

"पावडर हाय की घरची. भांड्याची. आणि बारका ब्रश आणलाय. तुमी म्हणालासा तांब्यावाणी पायजेत, म्हणून. घासून घासून बोटं गेली माझी."

काचेला रक्त लागलं की रक्त गोठायला लागतं, हा काचेचा गुण. साबणाचा पातळ थर बसला की तो गुण मरतो, आणि धडधाकट माणसाचं रक्तही गोठत नाही. हे मला माहीत होतं. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, साबण लावायचा नाही, वापरायची तर कोरी नळी. मी ते मावशींना कधी सांगितलं नाही. मी त्यांच्याकडं फक्त चमक मागितली, आणि त्यांनी ती घरच्या पावडरीनं, स्वतःच्या वेळात, माझा राग जावा म्हणून आणून दिली.

मॅडम स्वतः वरच्या मजल्यावर लहान मुलांच्या वॉर्डात गेल्या आणि न फोडलेल्या पाकिटातल्या दोन कोऱ्या नळ्या घेऊन आल्या. एकीत मावशींचं रक्त, एकीत चंदगडच्या बाईचं. परत वीस मिनिटं. ह्या वेळी मावशींना खुर्चीत बसवून स्टूलवर मी बसले. दोन्ही नळ्या आडव्या केल्या. दोन्ही रक्तं जागच्या जागी बसली होती. दुसरा डोस मॅडमनी परत फ्रीजमध्ये ठेवला.

मी हसत होते, डोळ्यांतनं पाणी येत होतं, वेड्यासारखं चाललं होतं माझं. मावशी मात्र हसल्या नाहीत. पलंगाकडं बघत म्हणाल्या, "सिस्टर, मग सकाळची नळी बी माझ्याच हातची हुती की. त्या बाईला ते पयलं औषद दिलं, ते बी उगंच दिलं व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "रिपोर्ट आल्यावर कळेल." कदाचित सकाळी विष असेल आणि औषधानं उतरलं असेल, असंही होऊ शकतं. मी मनातनं तेच मागत होते, हे सांगायला लाज वाटते. एका बाईच्या अंगात विष असावं म्हणून मी देवाला हात जोडत होते. सात वाजता रिपोर्ट आला. आल्या आल्या घेतलेलं रक्त. गोठण्याची वेळ अगदी व्यवस्थित. पायाची सूज आवळून बांधलेल्या परकराच्या नाडीची होती. जनावरानं दात लावले होते, विष सोडलंच नव्हतं.

मावशींनी मला कोपऱ्यात ओढलं. "हे बगा, माझं नाव सांगा. मी अडाणी, मला कोण काय म्हणणार? माझी नोकरी पक्की, आणि आता संपलीच की. तुमचं काम वर्षावर्षाच्या कागदावर. तुमाला काढत्यात."

"गप बसा," मी म्हणाले.

"माझ्या हातानं झालंय सिस्टर."

"हातानं तुमच्या, पण तोंडानं माझ्या. तुमच्या नावावर घालून मला काय भाकरी गोड लागणार आहे? जावा घरी. आणि ती पावडर आता तांब्यालाच लावा."

त्या रडत रडत हसल्या. मी मॅडमना सगळं सांगितलं, तांब्यापासनं. त्या रागावल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं. म्हणाल्या, "शेजारी दुसरी नळी लावायची जबाबदारी माझी होती. दोघींची चूक आहे, दोघींच्या नावानं लिही." त्या तीन आठवड्यांची पानं बाद केली. त्यातल्या किती जणांना खरंच विष होतं आणि किती जणांना नुसता साबण, हे आता कुणालाच कळणार नाही. वाढलेल्या घोणशी आमच्याच नळीतल्या होत्या. ज्यांना औषध दिलं होतं त्यांना पुढचे दोन दिवस मी एकेकाला फोन करून खरं काय ते सांगितलं आणि तब्येत विचारली. सगळे ठीक होते, हे आमचं नशीब. एकदोघांनी शिव्या घातल्या, त्या ऐकून घेतल्या.

पण सगळ्यात आधी पलंगावरच्या बाईला सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती खाली चहा आणायला गेली तेव्हा आम्ही दोघी गेलो. मॅडम म्हणाल्या, "मी सांगते." मी म्हणाले, "नको, मी सांगते. तुम्ही फक्त उभ्या राहा."

ती उठून बसली होती, केस विंचरलेले, घट्ट वेणी घातलेली. मी पलंगाच्या कडेला टेकले.

"ताई, एक सांगायचंय. राग आला तर बोला, मी ऐकून घेईन. तुम्हाला जनावर चावलं, पण त्यानं विष सोडलं नव्हतं. काल तुमचा जीव घाबरा झाला, श्वास अडकला, ते विषानं नव्हे. आमच्या औषधानं. आणि ते औषध तुम्हाला द्यायची गरजच नव्हती. आमची नळी चुकीची धुतलेली होती. तशी धुवायला मी लावली होती."

"म्हंजे मी मरत न्हवते?"

"सापानं मरत नव्हता तुम्ही. आमच्या हातनं मेला असतात."

मॅडमनी तिला सांगितलं, हे सगळं तुमच्या कागदावर लिहिलंय, तक्रार करायची तर तो तुमचा हक्क आहे, कुणाकडं करायची तेही आम्हीच सांगू. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष दाराकडं होतं.

"आत्तींना सांगितलंसा?"

"अजून न्हाई. आधी तुम्हाला."

"मग नगा सांगू."

मला वाटलं, एवढी धावपळ उगाच झाली म्हणून सासू बोलेल, ही त्याला भितेय. मी म्हणाले, "ताई, घाबरू नका, चूक आमची आहे. मी सांगते ना त्यांना. तुम्हाला कशाला बोलतील?"

"बोलायला भीत न्हाय ओ." तिनं चादरीची कड बोटाला गुंडाळली. "लग्नाला अकरा वर्सं झाली. अकरा वर्सांत त्या माझ्याशी कामाबिगर एक शबुद बोलल्या न्हाईत. का ते त्यांचं त्यांनाच ठावं. काल जीपमदी माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. रातभर पाय चेपला. पहाटं येणी घातली. आन म्हणल्या, माझी पोर हाईस तू." तिनं वेणीला हात लावला. "अंगात इखच नव्हतं म्हणून कळलं, तर त्यो शबुद त्या मागारी घेतील."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. नियमाप्रमाणं ती गोष्ट त्या बाईची होती, कुणाला सांगायची आणि कुणाला नाही हे तिनं ठरवायचं. तिनं ठरवलं होतं.

तेवढ्यात आत्ती आली. एका हातात चहाचा पेला, एका हातात बशी. तिनं दोन्ही खाली ठेवलं, पदर सारखा केला, आणि मला काही कळायच्या आत वाकून माझ्या पायांना हात लावला. माझ्या आईच्या वयाची बाई. "तुमच्या औषदानं वाचली ओ माझी पोर," ती म्हणाली. तिच्या वाकलेल्या पाठीवरनं सून माझ्याकडं बघत होती.

मी आत्तीला दोन्ही खांद्यांना धरून उभी केली. "वाचली, आत्ती," मी म्हणाले. "उद्या घरी न्या."

मग ती पलंगावर बसली, चहा बशीत ओतला, फुंकून फुंकून गार केला आणि बशी सुनेच्या ओठाला लावली. आम्ही दोघी तिथनं निघालो. वॉर्डाच्या दारापर्यंत मी सरळ चालत गेले, आणि जिन्यात बसून मोठ्यानं रडले.